धोक्यात नसलेलं रान

९ मार्च

प्रिय ठोंब्या,

आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी, अण्णा आणि गुरं, आणि ठीक म्हणजे कोणी आडवं पडलेलं नाही. तुमच्याकडेही तसंच चाललं असेल असं धरून चालते. तुझ्या बायकोला आशीर्वाद, लेकीला पापा. फोनवर तू "ठीक, ठीक" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

लाल गाय व्यायली. कालवड झाली आहे, आईपेक्षा हट्टी. पाण्याची टाकी बुडाशी गळते, तिथे मी टायरचा तुकडा बांधून ठेवला आहे. माझे गुडघे चढाला नकार देतात आणि उताराला कुरकुरतात. गुरांचा डॉक्टर म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी माझ्याकडे औषध नाही, तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे जा." गेले. त्याच्याकडेही नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या वेळचं कुरण राहिलेलं नाही. तीन उन्हाळे वाईट गेले, गवत कमी झालं तशी गुरंही कमी केली. डोंगरापलीकडचा शेजारी आपली सगळी जमीन मागतो आहे, मागच्या उतारावरच्या रानासकट. घेतल्यावर रान साफ करणार हे त्यानं लपवलेलं नाही, त्या बाबतीत माणूस सरळ आहे. स्वतःचं निम्मं रान त्यानं आधीच झोपवलं आहे. जमीन विकली तर अण्णांना आणि मला शहरात दोन खोल्या घ्याव्या लागतील. अण्णांना दोन खोल्यांत ठेवणं म्हणजे बैल माडीवर चढवण्यासारखं आहे. चढवता येईल, पुढे काय? पण विकायचं नाही तर गुरांमागे कोण फिरणार, हाही प्रश्न आहेच. मी आता फिरू शकत नाही, हे एकदा लिहून टाकते म्हणजे तू विचारायला नको.

तर मधला एक रस्ता निघाला होता. एक बाई आली होती, कंपनीची. पायात मोठे बूट, बगलेत लॅपटॉप. अण्णा तिला "कार्बनवाली" म्हणतात, तोंडावरसुद्धा. तिनं समजावून सांगितलं ते असं. झाडं हवेतला कार्बन ओढून खोडात साठवतात. ज्यांच्या कारखान्यांतून धूर निघतो ते लोक, आपलं रान उभं राहावं म्हणून दरवर्षी पैसे द्यायला तयार असतात. त्या हिशेबाला कार्बन क्रेडिट म्हणतात. आपण करायचं एवढंच की रानाला कुंपण घालायचं, गुरं आत सोडायची नाहीत, झाड तोडायचं नाही. खालचं कुरण आपलंच राहतं. दरवर्षीच्या पैशांत एक गडी ठेवता येईल आणि अण्णा त्यांच्या खुर्चीत राहतील.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आम्ही हवा विकायची?"

ती म्हणाली, "तसंच समजा."

"गिऱ्हाईक वेडं आहे," अण्णा म्हणाले, पण खूश होते. तिला घेऊन ते रानाच्या कडेपर्यंत काठी टेकत गेले. कुठलं झाड कोणाच्या काळातलं हे सगळं सांगितलं. परत येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि छाती काढून म्हणाले, "माझ्या हयातीत या रानाला कुऱ्हाड लागलेली नाही. माझ्यानंतरही लागणार नाही."

कार्बनवालीनं लॅपटॉप हळूच मिटला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. नियम असा आहे की ज्या रानाला धोका होता, तेच वाचवल्याचे पैसे मिळतात. जे तसंही उभं राहणार होतं, ते उभं राहिल्याचे पैसे कोण देणार? शेजाऱ्याचं उरलेलं निम्मं रान त्यांनी लगेच मंजूर केलं, कारण तो तोडतोय हे दिसतच होतं. तोडणाऱ्याला बक्षीस आणि राखणाऱ्याला ठेंगा, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "नियम मी केलेले नाहीत." चांगली आहे बाई, चहाचा कप स्वतः विसळून ठेवला.

मग ती दारातून निघता निघता मी म्हणाले, "माझा भाऊ तोडणार होता. सगळंच. बुलडोझर आणून फाटकाशी उभा केला होता."

ती परत येऊन बसली.

तर आता असं आहे. मे महिन्यात त्यांचा तपासनीस येईल. कागद-बिगद नको, म्हणाली, त्या काळी असल्या गोष्टींचे कागद कोणाकडेच नसत. पण ज्याचा तोडायचा बेत होता त्यानं स्वतः तपासनिसासमोर तसं सांगायला हवं. तू एक दिवसासाठी ये. खरं तेच सांगायचं आहे, म्हणजे तुला जड जायचं कारण नाही.

मी "भाऊ" म्हणाले तेव्हा अण्णा खिडकीकडे बघत होते.

सकाळची बस अजून आहे. कळव.

तुझी,
ताई

*

२१ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तू पत्र लिहिलंस आणि तेही आठ-दहा ओळींचं, तरी मी दोनदा वाचलं. मग गुरांना पाणी दाखवून आले आणि आणखी एकदा वाचलं.

तू लिहितोस, "ताई, मी ते रान तोडणार नव्हतो. अण्णांनी मला एकदा तरी काहीतरी विचारावं, कुरणाचं, गुरांचं, कशाचंही, म्हणून मशीन आणलं होतं. वाटलं होतं, आता तरी बाहेर येऊन विचारतील, बाबा रे, तुझ्या मनात काय आहे? ते बाहेर आले आणि चालता हो म्हणाले. आता मी तपासनिसाला काय सांगू?"

खरं सांगायचं तर मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. एवढा भाड्याचा बुलडोझर आणायचा, गडगडाटानं गाईंचं दूध आटवायचं, आणि सगळं कशासाठी, तर बापानं विचारावं म्हणून! जेवायला बसल्यावर सांगायचं होतंस. पण मला माहीत आहे, या घरात जेवायला बसल्यावर कोणी काही सांगत नाही. मीठ मागतात.

अण्णांना मी हे पत्र दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही, निदान मेपर्यंत तरी.

कारण आता बघ. तू खरं बोललास तर रान जातं. शेजारी ते वर्षाच्या आत साफ करील आणि आम्ही दोन खोल्यांत जाऊ. तू खोटं बोललास तर रान राहतं आणि अण्णा घरात राहतात. मी हे गोठ्यात, टाकीपाशी, बाजाराच्या रांगेत, सगळीकडे उलटसुलट करून पाहिलं, दुसरं काही निघत नाही. एक वाक्य बोलायचं आहे. "हो, मी तोडणार होतो." तपासनीस लिहून घेईल आणि झाडांची मापं घ्यायला जाईल.

ते वाक्य तुला कोणासमोर बोलायचं आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. अण्णा तिथेच खुर्चीत असणार, घरमालक म्हणून त्यांना बसावंच लागेल. तू इतकी वर्षं त्यांच्या मनात रानाचा वैरी म्हणून राहिलास, आणि आता स्वतःच्या तोंडानं त्यावर शिक्का मारायचा. मला याचं वाईट वाटतं. वाईट वाटूनही मी तुला तेच करायला सांगते आहे, हेही वाईट आहे. पण दोन्हींपैकी एकच काहीतरी वाचणार असेल तर मी घर वाचवीन, तुझं नाव नाही. तुझं नाव काय, मला माहीत आहे तू कसा आहेस ते. एवढ्यावर भागवून घे.

तू विचारलंस, "अण्णा माझ्याबद्दल काही बोलतात का?" नाही. फक्त फोन वाजून गेला की विचारतात, "कोणाचा?" मी तुझं नाव घेतलं की "हं" म्हणतात. दुसऱ्या कुणाचा असला तर काहीच म्हणत नाहीत. मी इतके दिवस हे तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगून तरी काय होणार होतं? "हं" म्हणजे काय याचा अर्थ लावत बसायला मला वेळ नसतो.

टाकीचा टायर टिकला आहे. कालवड कुंपणाखालून जायला शिकली.

ये.

ताई

*

१७ जून

प्रिय ठोंब्या,

तू गेलास त्याच दिवशी लिहायचं होतं, जमलं नाही. नंतर जमत होतं पण मी टाळलं. आधी बाकीचं सांगते. टाकी नवी बसवली. जुनीत कालवडीचं खाद्य ठेवते. गुडघ्यांना शेक देते आहे, उपयोग नाही पण बरं वाटतं. गुरांच्या डॉक्टरची बदली झाली, नवा आला आहे तो गाईंना घाबरतो आणि गाईंना ते कळलेलं आहे. तुझ्या लेकीचा दात पडला हे फोनवर कळलं. तिला सांग, आत्याचेही दोन पडलेत, स्पर्धा चालू आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आपलं काम झालं नाही. कंपनीनं नकार कळवला.

तू तुझ्याकडून सगळं नीट केलंस. ते मी आधी लिहिते, कारण नंतर राहून जाईल. सकाळच्या बसनं आलास, बुटांचा चिखल पायरीला पुसलास, आत येऊन अण्णांच्या पाया पडलास. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. तपासनिसानं विचारलं, "तुम्ही रान तोडणार होता?" तू म्हणालास, "हो. सगळं. कुरण वाढवायचं होतं." त्यानं विचारलं, "मग तोडलं का नाही?" तू म्हणालास, "वडिलांनी हाकललं." तुझा आवाज कुठेही हलला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, माझा भाऊ क्रेन चालवतो ते उगाच नाही, जड वस्तू हा न डगमगता उचलतो. चहा न घेता दुपारच्या बसनं तू गेलास. थांब म्हणायला हवं होतं, पण मला भीती वाटली की थांबलास तर काहीतरी बिनसेल.

तू गेल्यावर तपासनीस आणि कार्बनवाली रानात गेले. तो माणूस झाडाला मिठी मारून टेप फिरवतो आणि आकडा ओरडून सांगतो, ती लिहून घेते. पोटापाण्यासाठी माणूस काय काय करतो. अण्णा खिडकीत बसून बसस्टॉपच्या दिशेनं बघत होते. बस कधीच गेली होती.

संध्याकाळी दोघं परत आले. कार्बनवालीनं मला डोळ्यांनीच खूण केली की सगळं छान आहे. झाडं जुनी, भरघोस, मापं उत्तम. फक्त एक शेवटचा प्रश्न राहिला होता. तपासनीस अण्णांसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, मुलगा म्हणतो ते बरोबर आहे ना? तुम्ही हाकललं नसतं तर त्यानं रान तोडलं असतं?"

मला वाटलं, अण्णा एवढंच म्हणतील, "हो." इतकी वर्षं ते मनात तेच तर म्हणत आले होते. निदान मी तसं धरून चालले होते.

अण्णा म्हणाले, "नाही."

तपासनिसानं वर पाहिलं.

"खोटं बोलतोय तो," अण्णा म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलतोय. त्याच्या हातून झाड पडलं नसतं."

कार्बनवाली म्हणाली, "अण्णा, तुम्हाला नक्की माहीत आहे का? नीट आठवून सांगा." ती बिचारी दोरी फेकत होती.

"उतारावरचं रान झोपवायचं असेल तर पहिलं काम काय? खालची गुरं हलवायची," अण्णा म्हणाले. "ओंडके घरंगळत खाली येतात. माझ्या बापाच्या वेळी पलीकडच्या उतारावर अख्खा कळप असाच गेला. हे या घरात पोराला चालायच्या आधी शिकवतात. त्या दिवशी यानं मशीन आणलं, आणि गुरं? गुरं उताराखाली चरत होती, वासरांसकट. याच्या हातानं वाढवलेली वासरं. तोडायला निघालेला माणूस असा येत नाही."

तपासनिसानं ते लिहून घेतलं. वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाला, "काका, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"कळतो," अण्णा म्हणाले. "लिहा."

मी अण्णांशी दोन दिवस बोलले नाही. जेवण वाढलं, गोळ्या दिल्या, बोलले नाही. माझा राग तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार? मी या डोंगरावर चढून उतरून गुडघे घालवले, तू तुझं तोंड काळं करून घेतलंस, आणि या माणसानं एका वाक्यात सगळं घालवलं. एकदा रान राखलं असं फुशारकीनं सांगून, आणि एकदा पोरानं राखलं असं सांगून. अजून मी चिडलेलीच आहे.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, गुरांचं?"

"त्याच संध्याकाळी," अण्णा म्हणाले. "गुरं वळवायला खाली गेलो, आणि ती तिथे होती."

"मग त्याला बोलावलं का नाहीत?"

अण्णा म्हणाले, "सगळ्यांसमोर हाकललं होतं. बोलावायला जीभ वळली नाही. मग एक वर्ष गेलं. वर्ष गेल्यावर तर आणखीच वळत नाही."

मग मी तुझं एप्रिलचं पत्र काढून त्यांना वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही, रागव हवं तर. "विचारावं म्हणून" या शब्दांपाशी त्यांनी हात वर केला, म्हणून मी थांबले. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. नंतर ते उठून बाहेर गेले आणि कालवडीजवळ उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं, खांदे हलत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही, त्यामुळे आधी मला वाटलं खोकताहेत.

परवा शेजारी येऊन गेला. आपल्याला नकार आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. भाव वाजवी सांगतो, वर्षभर घरात राहायलाही देतो. सही करायला मीही तयार होते, तुला हे कळायला हवं. मला थांबायचं आहे रे. मला एकदा सपाट जमिनीवर राहायचं आहे.

अण्णांनी कागद बाजूला सारले. म्हणाले, "धाकट्याला विचारल्याशिवाय नाही."

शेजारी म्हणाला, "तो कुठे इथे राहतो?"

"राहत नाही. विचारायचं आहे," अण्णा म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू लिही. माझं अक्षर त्याला लागत नाही." तुला त्यांचं अक्षर लागतं हे मला माहीत आहे. ते लिहायला बसले असते तरी त्यांना जमलं नसतं, म्हणून मीच पेन घेतलं.

तेव्हा आता त्यांचे शब्द त्यांनी सांगितले तसे लिहिते. समोर बसले आहेत, मी काय लिहिते ते बघताहेत.

"रानाचं आणि जमिनीचं काय करायचं, ते तू सांग. मला विचारायचं होतं."

एवढंच म्हणाले. मी विचारलं, "आणि तो म्हणाला विका, तर?" म्हणाले, "तर विकू." मी विचारलं, "आणि तो म्हणाला मीच येतो, मला तोडून कुरण करायचं आहे, तर?"

त्यांनी खिडकीतून रानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तर तोडू."

या पत्राचं उत्तर मला लिहू नकोस. त्यांना लिही.

तुझी,
ताई